बलोपासकाचे ताट
(एका व्यायामशाळेच्या वर्धापनदिनी तरुण व पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



बलोपासना म्हटली की समर्थांचे स्मरण प्रथम होते. सतराव्या शतकात त्यांनी गावोगावी मारुतीची स्थापना केली, त्यामागे केवळ भक्तीचा प्रसार नव्हता; दुर्बळ झालेल्या समाजाला स्वतःच्या बळाची जाणीव करून देण्याची दृष्टी होती. तो वारसा आपल्या व्यायामशाळा चालवीत आहेत. परंतु आज मी दंड-बैठकांविषयी बोलणार नाही. व्यायामाच्या आधी आणि नंतर ताटात काय असावे, हा माझा विषय आहे. तो वरकरणी किरकोळ वाटेल, म्हणून एक अनुभव सांगतो.

पोलीस भरतीची तयारी करणारा एक तरुण पहाटे मैदानावर धावत असे. भरतीसाठी मुलांना १६०० मीटर धावावे लागते, म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाला चार फेऱ्या. एके दिवशी तिसऱ्या फेरीत तो कोसळला. सुदैवाने थोड्या वेळात सावरला. मी वैद्यकीय व्यवसायात असल्याने चौकशी केली. रात्री तो जवळजवळ उपाशीच झोपला होता आणि पहाटे नुसता चहा घेऊन आला होता. का? तर महिन्याच्या खर्चातून प्रथिनांच्या पावडरीचा डबा आणला होता आणि तो भार भरून काढण्यासाठी स्वतःचे जेवण त्याने कमी केले होते. वडील हमाली करतात. घरात ज्वारी होती, शेंगदाणे होते, मटकी होती. बळ घरात होते आणि मुलगा ते बाजारात शोधत होता!

मित्रहो, शरीराचा हिशेब सरळ आहे. धावताना, वजन उचलताना स्नायू प्रामुख्याने साठवलेली साखर वापरतात. ही साखर यकृतात व स्नायूंत असते आणि ती भात, भाकरी, फळे यांतून येते. रात्रीच्या झोपेत यकृतातील साठा बराच उतरतो. म्हणून पहाटे बारा सूर्यनमस्कार, योगासने किंवा अर्धा तास चालणे एवढाच व्यायाम असेल, तर निरोगी माणसाने पाणी पिऊन रिकाम्या पोटी तो करण्यास हरकत नाही. परंतु जोरकस धावणे किंवा तासभराची मेहनत असेल, तर अर्धा-पाऊण तास आधी एखादे केळे किंवा तीन-चार खजूर खावेत. तासभर हाताशी असेल, तर वाटीभर पोहे किंवा गुळाबरोबर अर्धी भाकरी चालेल. पूर्ण जेवणानंतर मात्र दोन-तीन तास जाऊ द्यावेत. सायंकाळी मैदानावर जाण्यापूर्वी वडापाव खाणाऱ्यांना माझी विनंती आहे, की तळलेला पदार्थ पोटात फार वेळ रेंगाळतो आणि मेहनतीच्या वेळी रक्त पोटाकडून स्नायूंकडे वळते. मग मळमळ होते आणि दोष व्यायामाला दिला जातो. त्याऐवजी मूठभर चुरमुरे-फुटाणे आणि गुळाचा खडा पुरेसा आहे. मधुमेहावर औषध किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय रिकाम्या पोटी व्यायाम करू नये.

आता व्यायामानंतरचा विचार करू. पहिला मान पाण्याचा. घाम फार आला असेल, तर मीठ व गूळ घातलेले लिंबूपाणी किंवा ताक घ्यावे. त्यानंतर तास-दीड तासात नीट जेवावे. अर्ध्या तासात प्रथिने पोटात गेली नाहीत तर मेहनत वाया जाते, ही भीती निराधार आहे. वेळेपेक्षा दिवसभरातील एकूण प्रमाण अधिक महत्त्वाचे आहे. सामान्य प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. कठोर मेहनत करणाऱ्याला तीच ८५ ते ९५ ग्रॅमपर्यंत लागू शकतात. ती एका वेळी न घेता तीन-चार जेवणांत वाटावीत. एक पेला दूध, वाटीभर मटकीची उसळ आणि मूठभर फुटाणे यांत वीस ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. बरोबर भाकरी किंवा भात असला, की रिता झालेला साखरेचा साठाही भरतो. डाळ आणि धान्य एकमेकांची उणीव भरून काढतात; आपले वरण-भात हे त्याचेच उदाहरण आहे. ज्यांना अंडी चालतात त्यांना दोन अंड्यांतून बारा ग्रॅम मिळतात.

मग पावडर विष आहे का? नाही. चीज करताना जे पाणी उरते, त्यातील प्रथिने वेगळी काढून वाळवली की बहुतेक डब्यांतील पावडर तयार होते. ती विष नाही, तसे अमृतही नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी अशा पावडरी टाळण्याचाच सल्ला दिला आहे.

येथे दुसऱ्या टोकालाही सावध केले पाहिजे. कोल्हापूरच्या तालमींतील खुराक आपल्याला ठाऊक आहे : दूध, तूप, बदाम आणि खसखस घातलेली थंडाई. परंतु तो खुराक शेकडो जोर-बैठका काढून, तासन्‌तास लाल मातीत झुंजणाऱ्या मल्लाचा आहे. कचेरीत आठ तास बसून वीस मिनिटे व्यायाम करणाऱ्याने तो घेतला, तर बळ नव्हे, पोट वाढेल. वाग्भटाने अष्टांगहृदयात स्निग्ध आहार घेणाऱ्या बलवानानेही अर्ध्या शक्तीनेच व्यायाम करावा आणि अजीर्ण असलेल्याने तो टाळावा, असे सांगितले आहे. गीतेतील युक्ताहाराचा अर्थ हाच : जसा श्रम, तसा घास.

शेवटी माताभगिनींविषयी. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. कबड्डी खेळून आलेल्या मुलीला ‘भावाचे जेवण होऊ दे’ असे सांगणारी घरे आजही आहेत आणि त्या घरातली आई तर सर्वांच्या शेवटी, उरलेले खाते. जिचे रक्त उणे, तिने कितीही व्यायाम केला तरी थकवाच वाट्याला येणार. पालेभाजी, मटकी, नाचणी तिच्या ताटात आधी वाढा, त्यावर लिंबू पिळा आणि जेवणाला लागून चहा देऊ नका. चहामुळे अन्नातील लोह पुरेसे अंगी लागत नाही. मातृशक्तीचा जयजयकार करणाऱ्या समाजाने मातेचे ताट प्रथम पाहिले पाहिजे.

तो तरुण आता केळे खाऊन मैदानावर येतो आणि परत गेल्यावर भाकरी-उसळ खातो. परवा त्याने चारही फेऱ्या पूर्ण केल्या. भरतीत काय होईल ते होवो. पण घरातल्या अन्नाकडे पाहण्याची त्याची दृष्टी बदलली, हे मला अधिक मोलाचे वाटते. राष्ट्र बलवान व्हावे असे आपण म्हणतो. त्याचा आरंभ मैदानावर होतो, तसाच स्वयंपाकघरातही होतो. आज घरी गेल्यावर आपल्या घरात सर्वांत शेवटी कोण जेवते आणि त्या ताटात काय असते, एवढे अवश्य पाहावे, अशी विनंती करून मी थांबतो.

भारत माता की जय!