माइकमागची जीभ

आज ज्या विषयावर बोलायचं आहे, त्याला मराठीत अजून नीट शब्द नाही. अमेरिकेत रेडिओवरच्या एका जातीच्या निवेदकांना 'शॉक जॉक' म्हणतात. ऐकणाऱ्याला दचकवणं हाच त्यांचा धंदा. दचकलेला माणूस बटण फिरवत नाही, आता हा पुढे काय बोलणार म्हणून ऐकत राहतो, हे त्यामागचं गणित.

हॉवर्ड स्टर्न हे या पंथातलं सर्वांत मोठं नाव. त्याच्या अश्लील बोलण्याबद्दल दंड होत गेले आणि त्याची मिळकतही वाढत गेली. २००४ मध्ये तिथल्या सरकारी आयोगाने जवळजवळ पाच लाख डॉलरचा दंड सुचवला, तेव्हा एका मोठ्या रेडिओ कंपनीने त्याचा कार्यक्रम बंद केला. मग जानेवारी २००६ मध्ये हे गृहस्थ उपग्रह रेडिओवर गेले. तिथे श्रोता पैसे मोजून ऐकतो, त्यामुळे अश्लीलतेचे ते नियम लागू नाहीत. करार पाच वर्षांचा, रक्कम ५० कोटी डॉलर! डॉन आयमसचं मात्र तसं झालं नाही. एप्रिल २००७ मध्ये त्याने रटगर्स विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉल संघाबद्दल वर्णद्वेषी शेरा मारला, जाहिरातदार पळाले आणि आठवडाभरात कार्यक्रम बंद झाला. पण त्याच वर्षीच्या डिसेंबरात तो दुसऱ्या केंद्रावर परत बोलू लागला होता.

हे सगळं सातासमुद्रापारचं म्हणून सोडून देता आलं असतं. मी बरीच वर्षं नैमित्तिक उद्घोषक म्हणून काम केलं. आमच्या वेळी 'आता ऐकू या' आणि 'हे होतं' या दोन वाक्यांच्या पलीकडे फारसं काही आमच्या पदरचं नसे. भाषण असेल तर ते आधी लिहून द्यायचं, ते कुणीतरी वाचून मंजूर करायचं, मग माइकसमोर. (हेही भाषण लिहूनच दिलेलं आहे, काळजी नसावी.) जुलै २००१ मध्ये बंगळुरूला पहिलं खासगी एफएम केंद्र सुरू झालं आणि कागद बाजूला पडला. निवेदकाचा 'आरजे' झाला. आरजेला तासन्‌तास सुचेल ते बोलायचं असतं. सुचेल ते बोलणारा माणूस रोज शहाणपणाचंच बोलेल, अशी अपेक्षा मी तरी करणार नाही.

सप्टेंबर २००७ मध्ये आपल्याकडे जे घडलं ते याच मोकळेपणातून. 'इंडियन आयडॉल'च्या तिसऱ्या पर्वात प्रशांत तमांग जिंकला. मूळचा दार्जिलिंगचा, कोलकाता पोलिसांत शिपाई. दुसऱ्याच दिवशी दिल्लीच्या रेड एफएमवर नितीन नावाच्या आरजेने विनोद केला. गुरखेच गाऊ लागले तर आपल्या घरादाराची राखण कोण करणार, अशा अर्थाचा. चार दिवसांनी, २८ तारखेला, सिलिगुडीत निषेधाचा मोर्चा निघाला, स्थानिक लोकांशी त्याची चकमक उडाली, जाळपोळ झाली, संचारबंदी लागली, लष्कर बोलवावं लागलं. केंद्र सरकारने त्या केंद्राचं प्रसारण आठवडाभर बंद ठेवण्याचा आदेश दिला. माफीही मागितली गेली.

आता गंमत पाहा, म्हणजे गंमत हा शब्द इथे बरा नाही. एफएमची लहर फार तर पन्नास-साठ किलोमीटर जाते. दिल्लीपासून सिलिगुडी सुमारे दीड हजार किलोमीटर. मोर्चातल्या बहुतेकांनी तो विनोद आरजेच्या तोंडून ऐकला असणं शक्यच नाही. त्यांच्यापर्यंत तो एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे असा पोचला. मूळ बोलण्याचा सूर, त्यामागचं हसू, सगळं वाटेत गळून गेलं आणि उरला तो नुसता अपमान. आमचे एक जुने अधिकारी म्हणत, माइकसमोर बोलताना समोर बसलेला माणूस धरून बोला. पण जो समोर नाही त्याचं काय, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

त्या बातमीने मी मात्र चांगलाच चपापलो. कारण त्याच महिन्यात, गणेशोत्सवात, आमच्या गंगापूर रोडच्या सोसायटीत मी निवेदन करत होतो आणि दोन गाण्यांमध्ये वेळ भरायला मी आमच्या गुरख्यावर विनोद केला होता. बहादूर रात्री शिट्टी वाजवतो ती चोरांना सावध करायला, असं काहीतरी. टाळ्या पडल्या, मलाही बरं वाटलं. बहादूर मागे मंडपाच्या खांबाला टेकून उभा होता, हे मी पाहिलं होतं. तोही हसला होता, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

ऑक्टोबरच्या एक तारखेला तो नेहमीसारखा वही घेऊन दारात आला. मला काहीतरी बोलायचं होतं, पण जीभ रेटेना. ठरलेल्या वीस रुपयांवर मी आणखी दहाची नोट ठेवली. त्याने तीस रुपये वहीत लिहिले, माझी सही घेतली, सलाम केला आणि गेला. नोव्हेंबरात आला तेव्हा मी वीस पुढे केले. त्याने वही उघडून मागचं पान दाखवलं आणि म्हणाला, "साब, दस तो पिछले महीने ज्यादा आ गया था." दहा रुपये त्याने परत केले.

आरजेंचा हा दोष सांगताना दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर सगळेच वाचाळ ठरतील. मुंबईच्या रेड एफएमची मलिष्का. ती काही शॉक जॉक नव्हे. पण जुलै २०१७ मध्ये तिने तेव्हा घरोघरी गाजणाऱ्या 'सोनू'च्या चालीवर खड्डे, तुंबलेलं पाणी आणि महापालिका यांच्यावर विडंबन केलं आणि मोठाच गदारोळ झाला. पालिकेत सत्ता असलेल्या शिवसेनेच्या नगरसेवकांनी तिच्यावर ५०० कोटींचा अब्रुनुकसानीचा दावा लावा, अशी मागणी आयुक्तांकडे केली. त्याच दिवसांत पालिकेचं पथक तिच्या वांद्र्याच्या घरी तपासणीला गेलं, कुंडीखालच्या ताटलीत डेंग्यूच्या डासांच्या अळ्या सापडल्या आणि तिच्या आईच्या नावे नोटीस निघाली. अळ्या खऱ्याच असतील. पण गाणं वाजल्यावर ताटली सापडावी, यात लोकांना जे समजायचं ते समजलं. दिल्लीचा विनोद रात्रभर जागणाऱ्या राखणदारावर होता. हा विनोद ज्यांच्याकडे घरी पथक पाठवण्याची ताकद होती त्यांच्यावर होता. माझ्या हिशेबी दोन्ही एका मापाने मोजता येत नाहीत, जरी दोघांना वापरायला माइक एकच असला.

यात आणखी एक पेच आहे, तो फारसा कुणाच्या लक्षात येत नाही. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. २०११ च्या धोरणानुसार आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावता येतं. वाहतूक, हवामान, परीक्षांचे निकाल, पाणी-विजेच्या सूचना सांगता येतात. म्हणजे उद्या सिडकोत पाणी येणार नाही हे आरजे सांगू शकतो. ते का येणार नाही याचा शोध घेऊन बातमी द्यायला गेला, तर पंचाईत. शिवाय आकाशवाणीची जी आचारसंहिता आहे, म्हणजे धर्म-समाजावर हल्ला नको, अश्लील नको, बदनामी नको, पक्षाचं नाव घेऊन टीका नको, ती परवान्याच्या अटींतून त्यांनाही लागू आहे. मग खड्ड्याची बातमी देता येत नाही म्हटल्यावर खड्ड्याचं गाणं होतं. चाल लावली की ती करमणूक! आपल्याकडच्या आरजेंना वात्रटपणाकडे ढकलण्यात या नियमाचाही थोडा हात असावा, असा माझा संशय आहे.

मलिष्का त्या नोटिशीने गप्प बसली नाही. २०१८ च्या पावसाळ्यात तिने 'झिंगाट'च्या चालीवर पुन्हा खड्ड्यांवरच गाणं आणलं. त्याआधी, २०१७ च्या नोव्हेंबरात, 'तुम्हारी सुलु' या चित्रपटात ती आरजेच्याच भूमिकेत दिसली. खड्डेही होतेच, त्यांना कुणी नोटीस दिल्याचं ऐकिवात नाही. आमच्या द्वारका चौकातल्या खड्ड्यांवर मात्र असं एखादं गाणं अजून माझ्या कानावर आलेलं नाही. परवा रिक्षात बसलो होतो, एफएम चालू होतं. आरजे एका बाईंना फोन करून त्यांच्या नवऱ्याचं गिऱ्हाईक करत होता. रिक्षा खड्ड्यात आपटली, रेडिओ खरखरला. रिक्षावाल्याने हाताने थोपटून तो पुन्हा नीट चालू केला.