कोसळलेल्या पुलाची शिकवण
(शिक्षक-संमेलनातील भाषण)



वेल्समध्ये टॅफ नदीवर पाँटिप्रीद येथे १७५६ साली पुरा झालेला एक दगडी पूल आजही उभा आहे. या तीरापासून त्या तीरापर्यंत त्याची एकच कमान आहे. तिचा गाळा १४० फूट व उंची ३५ फूट. त्यानंतर सुमारे चाळीस वर्षे ब्रिटनमध्ये याहून मोठ्या गाळ्याची दगडी कमान झाली नाही. तथापि शिक्षकाच्या दृष्टीने या पुलाचे खरे महत्त्व त्याच्या पूर्वीच्या पडझडीत आहे.

पुलाचा कर्ता विल्यम एडवर्ड्‌स १७१९ साली एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. स्थापत्याचे रीतसर शिक्षण त्यास लाभले नव्हते. शेतांचे दगडी बांध रचता रचता तो गवंडीकाम शिकला आणि केअरफिली येथील जुन्या किल्ल्याच्या भग्न भिंती न्याहाळून त्याने आपला हात सुधारला. १७४६ साली त्याने या पुलाचा मक्ता घेतला व पूल सात वर्षे टिकेल अशी हमी दिली.

पहिल्या रचनेत नदीच्या पात्रात दगडी खांब होते. दोन-अडीच वर्षांतच महापूर आला. उन्मळून आलेली झाडे खांबांना अडली, पाणी तुंबले आणि पूल वाहून गेला. हमीप्रमाणे तो पुन्हा बांधणे एडवर्ड्‌सला भाग होते. पाणी अडते ते खांबांमुळे, तेव्हा पात्रात खांबच नकोत, असे त्याने ठरविले.

दुसरी रचना एकाच कमानीची होती. कमानीचे दगड पाचरीसारखे असतात. प्रत्येक दगड शेजारच्या दगडास रेटतो आणि सारा भार अखेरीस दोन्ही तीरांवर जातो. मात्र हा भार समतोल असावा लागतो. येथे कमानीच्या दोन्ही खांद्यांवरील दगडकाम फार जड झाले व माथा त्या मानाने हलका राहिला. खांदे खाली दबताच माथ्याचे दगड वर उचलले गेले आणि कमान ढासळली.

तिसऱ्या रचनेत एडवर्ड्‌सने एका गाळ्याची कमान कायम ठेवली. मात्र प्रत्येक खांद्यात तीन गोल, आरपार पोकळ्या सोडल्या. त्या माथ्याकडे क्रमाने लहान होत जातात. त्यांच्यामुळे खांद्यांवरील भार घटला व कमान स्थिरावली.

हाही पूल निर्दोष नव्हता. त्याचा चढ इतका तीव्र होता की, उतरत्या गाड्या साखळीने रोखून धराव्या लागत. १८५७ साली शेजारी दुसरा पूल झाला. एडवर्ड्‌सने पुढील पुलांत कमान अधिक सपाट ठेवली. टोवी नदीवरील डोलाउहिरियन येथील त्याचा १७७३ सालचा ८४ फुटी पूल याची साक्ष देतो.

हा पाठ वर्गात करून पाहण्याजोगा आहे. फरशीवर १ फुटास १ सेंटिमीटर या प्रमाणाने १४० सेंटिमीटरची जीवा आखावी. तिच्या मध्यावर ३५ सेंटिमीटर उंचीचा लंब काढावा. मग वर्तुळाचा व्यास मुलांकडून काढवून घ्यावा. अर्ध्या जीवेचा वर्ग ४९००. त्यास ३५ ने भागता १४०. त्यात ३५ मिळविता व्यास १७५. म्हणजे त्रिज्या साडेसत्याऐंशी सेंटिमीटर. तेवढ्या दोरीने माथ्यापासून सरळ खाली केंद्र धरून कंस काढला की, पुलाची कमान डोळ्यांपुढे उभी राहते. वाळवलेल्या मातीच्या पाचरी जुळवून लहानशी कमानही करता येईल. तिचे खांदे बोटांनी दाबले असता माथा कसा उचलतो, हे मुले स्वतः पाहतील.

वर्गात चूक होते तेव्हा आपण बहुधा तीवर फुली मारतो व पुढे जातो. मुलाला एवढेच कळते की, आपल्याला येत नाही. आणि हळूहळू ते फळ्याजवळ येणेच टाळते. गणित नेमके कोठल्या पायरीवर ढळले, हे त्याला कळतच नाही. एडवर्ड्‌सला पुलाची पुन्हा उभारणी करता आली, ती पडण्याचे कारण हाती लागल्यामुळे. म्हणून चुकलेले गणित पुसण्यापूर्वी मुलाकडूनच त्याची प्रत्येक पायरी वदवून घ्यावी. जेथे ते अडखळेल, तेथून पुढचा पाठ सुरू करावा.