दोन वर्षं आणि दोन जोड

एखाद्या कामासाठी खेटे घालून दमलेला माणूस आपल्याकडे म्हणतो, ‘जोडे झिजले माझे.’ अमेरिकेतल्या युटा राज्यात हे वाक्य शब्दशः खरं ठरतं. मॉर्मन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ख्रिस्ती पंथाची मुलं वयाची १८ वर्षं उलटली की २ वर्षांसाठी धर्मप्रचाराला बाहेर पडतात. मुलींसाठी हा काळ १८ महिन्यांचा. पगार नाही. खर्च स्वतःच्या साठवणीतून, नाहीतर घरच्यांच्या खिशातून. २०२४ अखेर असे ७४ हजारांहून अधिक प्रचारक जगभर फिरत होते.

कुठे जायचं, ते मुलाच्या हाती नसतं. सॉल्ट लेक सिटीच्या मुख्यालयातून बोलावणं येतं आणि मग घरात खरेदीची यादी होते. पांढरे शर्ट, टाय, गडद पँटी. छातीवर लावायची नावाची काळी पट्टी पंथाकडून मिळते. या सगळ्यात जपून घ्यायची वस्तू एकच, ती म्हणजे बूट. कारण प्रचाराला जाताना खेळाचे बूट चालत नाहीत. दारोदार फिरायचं ते ऑफिसात शोभतील अशा बुटांत. मग वाट्याला फिलिपीन्सचा पाऊस येवो, नाहीतर फिनलंडचा बर्फ.

दुकानात नजर जाते ती चकाकीवर. जायला हवी तळाकडे.

स्वस्त बुटाचा तळ नुसता चिकटवलेला असतो. डबक्यांतून आणि तापलेल्या डांबरावरून काही महिने चाललं की तो चवड्यापाशी तोंड उघडतो, आणि पुन्हा चिकटवलेला तळ फार दिवस धरत नाही. ‘गुडइयर वेल्ट’ पद्धतीच्या बुटात वरच्या कातड्याला कडेने एक पट्टी शिवतात आणि बाहेरचा तळ त्या पट्टीला शिवतात. तळ झिजला की मोची ती शिवण उसवून नवा तळ चढवतो, वरचा बूट तसाच राहतो. अशी शिवण घालणारं यंत्र १८७० च्या दशकात चार्ल्स गुडइयर धाकटे यांच्यामुळे रुळलं. रबर टिकाऊ करणाऱ्या गुडइयरांचे ते चिरंजीव. असा बूट महाग पडतो, पहिले काही दिवस ताठरही लागतो. पण २ वर्षांचा हिशेब मांडला तर पैसे वसूल होतात.

तळ मात्र रबरी हवा. कातडी तळ ओल्या फरशीवर घसरतो.

या बाबतीत डॉक मार्टेन्स या बुटांची कहाणी सांगण्यासारखी आहे. क्लाउस मार्टेन्स हा जर्मन डॉक्टर १९४५ मध्ये बर्फावर घसरताना पाय दुखावून बसला. लष्करी बूट सोसवेनात, तेव्हा त्याने हवेची गादी असलेला मऊ तळ घडवला. पुढे ग्रिग्ज या इंग्रज घराण्याने त्याचे हक्क घेतले आणि १ एप्रिल १९६० रोजी पहिला जोड बाजारात आणला. तो उचलला पोस्टमन, पोलीस आणि कारखान्यातल्या कामगारांनी, म्हणजे दिवसभर पायांवर असणाऱ्या माणसांनी. याच बुटाचा काळा, साधा, ठेंगणा प्रकार प्रचारकांच्या पायांतही दिसतो.

माप घ्यावं ते संध्याकाळी. दिवसभरात पाऊल सुजतं, आणि सकाळी नेमका बसलेला बूट चार वाजता चावू लागतो. रोज घालणार तेच मोजे घालून, उभं राहून, दोन्ही पायांचं माप घ्यावं आणि मोठ्या पायाला बसेल तो जोड निवडावा. अंगठ्यापुढे बोटभर जागा हवी, टाच मात्र उचलली जाता कामा नये. लांबीइतकीच चवड्याची रुंदीही बघायला हवी. अरुंद बुटात कोंबलेल्या पायाला भोवऱ्या होतात, आणि ‘वापरला की सैल होईल’ हा दुकानदाराचा दिलासा अठरा वर्षांच्या पोराला फार महागात पडतो.

मुलींचे हाल जास्त. त्यांच्यासाठी दुकानात असतात ते बहुधा पातळ तळाचे, नाजूक बूट. २०१८ च्या डिसेंबरात त्यांना पँट घालायची मुभा मिळाली, तेव्हापासून लेसचे दणकट बूटही पोशाखात सहज सामावतात.

आणि घ्यायचे ते दोन जोड. कातडं दिवसभर घाम पितं आणि सुकायला त्याला किमान एक दिवस लागतो. एकच जोड रोज घातला तर आतून कुजतो. बंगळूरला १९९३ पासून या पंथाचं प्रचार केंद्र आहे. तिथल्या पावसात भिजून आलेल्या मुलाने बूट शेगडीजवळ ठेवू नयेत, कातडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, तासाभराने बदलावेत, आणि बूट आडवे करून पंख्याखाली ठेवावेत. सकाळी दाराशी दुसरा, कोरडा जोड तयार असतो.