जुने दप्तर आणि आपली वंशावळ
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही सूतगिरणीत पाळी करणारी माणसं. शाळा थोडी झाली. जे शिकलो ते चळवळीत आणि कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून शिकलो. तेव्हा विद्वत्तेचे भाषण आमच्याकडून होणार नाही, अनुभवाचे चार शब्द सांगतो.

राजेरजवाड्यांच्या बखरी असतात, आपल्याकडे काय आहे? असा प्रश्न आपलीच मुले विचारतात. आमचे उत्तर असे की, आपल्या वाडवडिलांची नावे आहेत. ती देवळाच्या पाटीवर नाहीत, तहसील कचेरीच्या दप्तरात आहेत. कारण ज्याला राबवायचे आणि ज्याच्याकडून सारा घ्यायचा, त्याचे नाव सरकारला लिहावेच लागते.

महारकी हे वतन होते. सांगावा नेणे, सरकारी वसुली पोचवणे, गावाच्या हद्दीची साक्ष देणे, अशी रात्रंदिवसाची कामे. बदल्यात हाडकी-हाडवळ्याचा तुकडा आणि बलुते. १८७४ च्या वतन कायद्याने ही गुलामगिरी पक्की केली होती. त्यात दुरुस्ती करणारे बिल बाबासाहेबांनी १९ मार्च १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही कनिष्ठ गाववतने रद्द झाली आणि ठरावीक रक्कम भरून घेऊन जमिनी नव्या शर्तीवर वतनदारांना परत देण्याचे ठरले. या साऱ्या उलाढालीच्या नोंदी गावोगाव झाल्या. त्या नोंदी म्हणजेच आपली वंशावळ!

आता कागद कुठे बघायचा? नुसता आजचा सातबारा बघून भागत नाही. सातबाऱ्यावर फेरफाराचे नंबर असतात. त्या नंबरावरून मागे मागे जायचे. फेरफार म्हणजे गाव नमुना सहा. त्यात 'अमुक मयत, वारस मुलगे अमुक अमुक' असे लिहिलेले असते. वारसांची वेगळी नोंदवही सहा-क ची. जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, जिला लोक कोतवाल बुक म्हणतात, तीही बघावी. कोर्टात दावा झाला असेल तर साक्षीदाराच्या जबानीच्या वरच त्याचे नाव, बापाचे नाव, वय, धंदा, गाव लिहिलेले असते. बऱ्याच जिल्ह्यांचे जुने कागद आता सरकारने संगणकावरही चढवले आहेत. नसतील तिथे रीतसर अर्ज करून खरी नक्कल घ्यावी.

एक लक्षात ठेवा. जुन्या कागदात आपले आजचे आडनाव सहसा सापडणार नाही. नावापुढे 'नाक' लावलेले असते, मग बापाचे नाव, मग जात. आणि बराच जुना कागद मोडीत असतो. मोडी वाचणारा माणूस शोधावा लागतो.

आमच्याच घरची गोष्ट सांगतो. आमच्या पुतणीचा कॉलेजचा प्रवेश जातपडताळणीवर अडला होता. महाराष्ट्रात अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. आमचे आजोबा निरक्षर, शाळेचा दाखला कुठून आणणार? जुन्या उताऱ्यावर फक्त थोरल्या चुलत्याचे नाव, पुढे 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. धाकट्या भावांची नावे त्या तीन अक्षरांच्या पोटात गडप! भावकीतले म्हणू लागले, तुमचा इथे संबंध काय? तेव्हा आम्ही सुट्टीच्या दिवशी, रात्रपाळी उतरून, तालुक्याला फेऱ्या मारल्या. शेवटी पहिला फेरफार हाती लागला, मोडीतला. वाचणाऱ्या गुरुजींनी चारही भावांची नावे वाचली. शेवटचे नाव आमच्या आजोबांचे, पुढे 'अज्ञान, पालन करणार आई', आणि त्या माउलीचे नाव.

बंधू-भगिनींनो, पुतणीचे काम तर झालेच. पण त्या पणजीचे नाव आमच्या घरात एकालाही ठाऊक नव्हते. चार पोरे पदरी घेऊन विधवा झालेली ती बाई त्या एका ओळीत जिवंत राहिली होती. आमची म्हातारी चुलती ते नाव ऐकून किती तरी वेळ बोलली नाही.

काही तरुण म्हणतात, "१९५६ ला आपण धम्म घेतला, जात सोडली. मग जातीचा शब्द लिहिलेले कागद कशाला उकरायचे?" प्रश्न योग्य आहे. आमचे म्हणणे असे की, रोग बरा झाला म्हणून कोणी केसपेपर फाडत नाही. तो शब्द आपण अंगावर मिरवायचा नाही, पण आपल्यावर काय गुदरले त्याचा पुरावा म्हणून जपायचा. चवदार तळ्याच्या दाव्यात बाबासाहेब स्वतः प्रतिवादी होते. समोरचे म्हणत होते, ही पुरातन वहिवाट आहे. १७ मार्च १९३७ रोजी हायकोर्टाचा निकाल आला, त्यांना ती पुरातन वहिवाट शाबीत करता आली नाही. तोंडाने 'पूर्वापार' म्हणणे वेगळे आणि पुराव्याने दाखवणे वेगळे. हे आपण शिकले पाहिजे.

तेव्हा आमची हात जोडून विनंती आहे. प्रत्येक घराने एक वही करावी. आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, विशेषतः बायांना. त्यांचे माहेर, सासूचे माहेर लिहून घ्या. कारण कागदात लेकींची नावे फार कमी, आणि असली तरी 'इतर हक्कात' कोपऱ्यात. मग गाव, गट नंबर, जुना सर्व्हे नंबर लिहा. अस्सल कागद दलालाच्या हातात देऊ नका. कोणी खोटा कागद करून देतो म्हणाला तर त्याला दारातूनच परत पाठवा. सम्यक वाणी कागदालाही लागू आहे. वतनाच्या जमिनीचा व्यवहार कलेक्टरच्या परवानगीशिवाय करू नका.

रविवारी वंदनेनंतर आम्ही विहारात बसतो. ज्याला अर्ज लिहायचा असेल त्याने यावे. लिहिता येणारी पोरे सोबत आली तर फार बरे, म्हणजे आमच्यामागे हे काम थांबणार नाही.

भवतु सब्ब मंगलं! जयभीम!