मधुमेह्याची रात्र

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



झोप आणणारी व्याख्याने आपण पुष्कळ ऐकली असतील. आज झोपेवरील व्याख्यान ऐकण्याचा प्रसंग आहे. विषय थट्टेचा वाटला तरी तसा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार आपल्या देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आहेत. त्यांपैकी आम्हीही एक. आम्ही वैद्य नव्हे, तेव्हा औषधे सांगणार नाही. जाणत्यांकडून जे समजले तेच आपल्यापुढे ठेवतो.

दोन मधुमेही भेटले की पथ्यावर तासभर बोलतात. झोपेची गोष्ट निघाली, तर ‘आता वय झाले’ या तीन शब्दांत ती मिटते. आमचे निवेदन एवढेच आहे की, वयावर बोट ठेवण्यापूर्वी झोप कशाने मोडते ते शोधावे.

लघवीसाठी वारंवार उठावे लागते काय? १०० मिलिलिटर रक्तातील साखर साधारणतः १८० मिलिग्रॅमच्या वर गेली, की ती मूत्रावाटे वाहू लागते आणि सोबत पाणीही ओढून नेते. मग तहान लागते, पाणी प्यावे आणि पुन्हा उठावे. येथे दोष वाढलेल्या साखरेचा असू शकतो. पुरुषांत प्रोस्टेट ग्रंथीही याला कारण होते; म्हणून तपासणी हवी.

पाय जळजळतात, मुंग्या येतात काय? मधुमेहाने मज्जातंतूंना इजा झाली की हा त्रास रात्री अधिक जाणवतो. उत्तरेकडील थंडीत राहणाऱ्यांस एक विशेष सूचना: बधिर पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नये, हीटरजवळ पाय धरू नयेत. भाजल्याचे कळत नाही आणि जखम चिघळते. सैल लोकरी मोजे पुरेत.

घोरता घोरता श्वास अडतो आणि माणूस दचकतो, हे त्याला स्वतःला कळत नाही. शेजारी झोपणाऱ्यास कळते. तेव्हा गृहिणींनी संकोच न करता ते डॉक्टरांच्या कानांवर घालावे. या विकाराची तपासणी होते, आणि उपचारही आहेत.

सर्वांत जपावयाचे ते साखर उतरण्यास. इन्शुलिन किंवा काही विशिष्ट गोळ्या घेणाऱ्यांची साखर रात्री ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. दरदरून घाम, धडधड, भयाण स्वप्ने, सकाळी डोकेदुखी या तिच्या खुणा होत. शक्य तर तपासावे. यंत्र जवळ नसल्यास वाट न पाहता तीन लहान चमचे साखर पाण्यात विरघळवून घ्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा पाहावे. माणूस बेशुद्ध असल्यास तोंडात काहीही घालू नये. तत्काळ रुग्णालय गाठावे. असे वारंवार झाल्यास औषधाची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घ्यावी.

मोडलेली झोप पुन्हा मधुमेहावर उलटते. अपुऱ्या झोपेने शरीर इन्शुलिनला नीट दाद देत नाही, दुसऱ्या दिवशी भूकही वाढते. म्हणून सात तासांची झोप हा पथ्याचाच भाग मानावा. झोपण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी. जेवण झोपेपूर्वी दोन-तीन तास आटोपावे. संध्याकाळनंतर चहा-कॉफी नको. मोबाईल उशापासून दूर ठेवावा. आमच्या मंडळाच्या नाटकांच्या तालमी अकरापर्यंत चालतात आणि जेवण त्यानंतर होते; कार्यकारिणीने याचाही विचार करावा! झोपेची गोळी मात्र मनाने घेऊ नये. श्वास अडणाऱ्यास ती अपायकारक ठरू शकते.

शेवटी एक विनंती. आपल्यापैकी अनेकांची मुले दूरदेशी आहेत, गावाकडील आप्तही जवळ नाहीत. घरात दोघेच, कित्येकदा एकटेच. अशांनी उशाशी साखर ठेवावी आणि एक किल्ली विश्वासू शेजाऱ्याकडे द्यावी. मंडळाच्या सभासदांनीही एकमेकांस रोज सकाळी दूरध्वनी करण्याचा परिपाठ ठेवावा. पन्नास वर्षे आपण सणावारी एकत्र आलो. एकमेकांच्या रात्रीचीही काळजी वाहू या.