प्रमाद आणि पुरुषार्थ
(सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



तत्त्वार्थसूत्राच्या आठव्या अध्यायात कर्मबंधाची पाच कारणे सांगितली आहेत : मिथ्यादर्शन, अविरती, प्रमाद, कषाय आणि योग. पाठशाळेत ही नावे बालवयातच तोंडपाठ होतात. क्रोध, मान, माया, लोभ या कषायांवर दर पर्युषणात व्याख्याने होतात. प्रमादाच्या वाट्याला मात्र फारसे कोणी जात नाही. प्रमाद म्हणजे आळस, आणि आळशी तर दुसराच कोणीतरी असतो, अशी बहुतेकांची समजूत असते. प्राचीन टीकाकारांनी या शब्दाचा अर्थ अधिक सूक्ष्म केला आहे. जे हितकर आहे ते ठाऊक असूनही त्याविषयी अनास्था असणे, म्हणजे प्रमाद. या अर्थाने पाहिले तर रात्री उशिरापर्यंत सभा घेणारा, नकाशे काढणारा, अंदाजपत्रके तीन-तीनदा दुरुस्त करणारा उद्योगी माणूसही प्रमादी असू शकतो.

समाजाच्या अनेक संस्थांचे चित्र यापेक्षा वेगळे नाही. वसतिगृहाचा ठराव होतो, समिती नेमली जाते, समितीची उपसमिती होते. जागा पूर्वेची की उत्तरेची, दात्याचे नाव संगमरवरावर की ग्रॅनाइटवर, यावर वर्षे जातात. निधी बँकेत मुदत ठेवीत सुरक्षित राहतो आणि ज्या मुलासाठी तो जमवला तो मुलगा तेवढ्यात शिक्षण सोडून एखाद्या दुकानात कामाला लागतो. ठरावाची वही मात्र निर्दोष असते!

या संदर्भात कर्मवीर भाऊराव पाटील यांचे चरित्र पुन्हा पाहण्याजोगे आहे. ते जन्माने जैन होते, एवढे सांगून समाज अभिमान बाळगतो; परंतु त्यांच्या कार्यपद्धतीकडे पुरेसे लक्ष देत नाही. भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कुंभोज येथे झाला. कोल्हापूरला शिकताना ते जैन बोर्डिंगमध्ये राहत. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी उघडलेल्या वसतिगृहाच्या समारंभाला ते गेले आणि परतल्यावर स्नान केल्याशिवाय भोजनगृहात प्रवेश नाही, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला आणि त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. हा प्रसंग समाजाला काहीसा अवघड वाटतो, म्हणून गौरवपर भाषणांतून तो बहुधा वगळला जातो. परंतु चिकित्सक विचार म्हणजे काय, याचा याहून स्पष्ट दाखला शोधून सापडणार नाही. जीवमात्रात समान आत्मा मानणाऱ्या धर्मात स्पर्शाने विटाळ होतो तो कोणत्या आधारावर, हा प्रश्न त्या विद्यार्थ्याच्या आचरणातूनच उभा राहिला. पाच कारणांतील पहिले कारण मिथ्यादर्शन आहे, हे येथे ध्यानात घ्यावे.

त्यांचे शालेय शिक्षण फार पुढे गेले नाही. साताऱ्यात त्यांनी शिकवण्या केल्या, पुढे किर्लोस्करांच्या नांगरांच्या विक्रीसाठी ते गावोगाव फिरले. ही भ्रमंती हेच त्यांचे सर्वेक्षण. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याची निरक्षरता, त्याचे कर्ज आणि त्याच्या मुलाची हुशारी त्यांनी एकाच वेळी पाहिली. दुधगाव येथे 1910 च्या सुमारास जे विद्यार्थी आश्रमाचे काम सुरू झाले, त्याला घरोघरी मूठमूठ बाजूला काढलेल्या धान्याचा आधार होता. मोठ्या देणगीची वाट पाहिली असती तर त्या गावातील मुले तशीच वाढून म्हातारी झाली असती. मुठीचा हिशेब मात्र प्रत्येक घराला परवडणारा होता. त्यामागे व्यवहार होता, केवळ भावना नव्हती.

4 ऑक्टोबर 1919 रोजी काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. 1924 साली संस्था साताऱ्यात आली आणि सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह सुरू झाले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग असे नामकरण झाले. म्हणजे काम आधी सुरू झाले, समारंभ नंतर झाला. (हल्ली कोनशिला आधी बसते!) मुले शेतात राबत, स्वयंपाक करीत, भांडी घाशीत. त्यामुळे खर्च कमी झाला आणि जातीचा प्रश्न व्याख्यानाऐवजी पंगतीत सुटू लागला. पैसे संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, अखेर मंगळसूत्रही, मुलांच्या जेवणासाठी दिले. एका गृहिणीने जे मोल चुकवले, त्याची नोंद कोणत्याही ताळेबंदात नसते.

भाऊरावांनी आराखडाच केला नाही, असा याचा अर्थ घेणे चुकीचे ठरेल. शाळा वाढू लागल्या तेव्हा शिक्षक अपुरे पडणार हे त्यांनी ओळखले आणि 1935 मध्ये साताऱ्यात अध्यापक विद्यालय काढले. 1940 मध्ये माध्यमिक शाळा, 1947 मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय, असा क्रम लागला. प्रत्येक योजना आधीच्या कामाने दाखवलेल्या उणिवेतून निघाली. 1919 साली काले येथे बसून 1947 च्या महाविद्यालयाचा आराखडा कोणी करू म्हटले असते, तर तो चुकला असता, आणि ती चूक उमगायलाही मार्ग राहिला नसता.

कापडाच्या व्यापारातही हेच दिसते. यंदा कोणता रंग चालेल याचा पूर्ण उलगडा झाल्यावरच माल भरू म्हणणाऱ्याची गाठोडी दिवाळी उलटल्यावर सुटतात. आणि काहीही न पाहता पेढी भरणाऱ्याचा माल पुढच्या वर्षी पडत्या भावात जातो. जाणता व्यापारी थोडे ठाण आणतो, गिऱ्हाईक काय म्हणते ते ऐकतो आणि मग पुढची मागणी नोंदवतो.

अनेकांताचा आधार घेऊन निर्णय टाळण्याची प्रथाही आढळते. ‘याचेही बरोबर, त्याचेही बरोबर’ असे म्हणून सभा तहकूब होते. अनेकांत वस्तूच्या अनेक बाजू पाहायला सांगतो; परंतु नयविचार असेही शिकवतो की प्रयोजन ठरले म्हणजे त्या प्रयोजनाची बाजू हाती धरून पुढे जावे. रत्नत्रयात दर्शन व ज्ञान यांच्या पंक्तीला चारित्र्य बसवले आहे ते उगाच नव्हे. प्रतिक्रमणही केलेल्या कृतीचे होते. चूक दिसली तर तिची आलोचना करून सुधारणा करता येते, ही सोय आपल्या परंपरेने शेकडो वर्षांपूर्वी करून ठेवली आहे. मग पहिल्याच पावलात चूक होईल याचे एवढे भय कशासाठी?

सुवर्णमहोत्सवानिमित्त शिष्यवृत्ती, रुग्णसाहाय्य आणि विद्यार्थी वसतिगृह अशा तीन सूचना पुढे आल्या आहेत. तिन्ही चांगल्या आहेत. वसतिगृहाची इमारत होण्यास जो काळ लागेल तो लागेल. तोपर्यंत शहरात चार खोल्या भाड्याने घेऊन दहा-बारा मुलांची सोय होऊ शकते, आणि त्यांच्या जेवणाचा एक-एक दिवस एकेका घराने घेतला तर ट्रस्टच्या ठेवीला हात लावावा लागणार नाही. वर्षाअखेर त्या मुलांनाच विचारावे की खोली केवढी हवी, अभ्यासिका कशी हवी, पाणी किती लागते. नकाशा काढणाऱ्याला ती माहिती उपयोगी पडेल. शाळा-महाविद्यालये जूनमध्ये उघडतात. खोल्यांची चौकशी एप्रिलमध्ये करावी लागेल आणि त्यासाठी दोन नावे आज याच सभागृहात लिहून घेता येतील.