संशोधकाचे घर



आपली मुले डॉक्टर व्हावीत, असे आपणांस वाटते. त्या व्यवसायातील सुरक्षितता मी जाणतो. संशोधनाचा मार्ग मात्र निराळा. तेथे डॉक्टरेटनंतरही कित्येक वर्षे अल्प वेतनावर काढावी लागतात. अनुदान नाकारले गेले की हातचे कामच थांबते.

कातालिन कारिको १९८५ साली हंगेरीतून अमेरिकेत आल्या. संदेशवाहक आर.एन.ए.पासून औषध करता येईल, अशी त्यांची धारणा होती. अनुदान मिळेना, १९९५ साली विद्यापीठाने त्यांची पदावनती केली. तरीही त्यांनी काम सोडले नाही. बाहेरून दिलेल्या या रेणूमुळे शरीरात दाह उद्‌भवे. त्यातील एक घटक बदलल्यास तो टळतो, हे त्यांनी ड्र्यू वाइसमन यांच्यासह २००५ साली दाखवून दिले. या शोधाच्या आधारे २०२० साली कोरोनावरील लसी सिद्ध झाल्या आणि २०२३ साली उभयतांस नोबेल पारितोषिक लाभले.

अशा वर्षांचा भार एकट्या संशोधकास पेलवत नाही. तो घरालाही वाहावा लागतो. उद्या आपली कन्या संशोधनाकडे वळली, तर 'पगार किती?' असे विचारण्याआधी 'प्रयोग कुठवर आला?' असे विचारू या.